गच्ची कोणाची, जाळे कोणाचे?

बहाडोली महाराष्ट्राला ठाऊक आहे ती जांभळासाठी. तिथल्या जांभळाला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. दूरसंचार अभियंत्यांना मात्र बहाडोली, खामलोली आणि पालघर तालुक्यातली आसपासची गावे वेगळ्याच कारणाने माहीत आहेत. पवईच्या आयआयटीतल्या विद्युत अभियांत्रिकी विभागाने, प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली, ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पात या गावांना बिनतारी इंटरनेट पुरवून पाहिले. सुरुवात झाली दूरदर्शनच्या रिकाम्या जागेपासून. टीव्ही प्रक्षेपणासाठी ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवलेला आहे. त्यात आठ-आठ मेगाहर्ट्झच्या पंधरा वाहिन्या बसतात. आपल्याकडे जमिनीवरून प्रक्षेपण करणारे एकटे दूरदर्शन, त्यामुळे या पंधरांपैकी किमान बारा वाहिन्या देशात जवळपास सगळीकडे मोकळ्याच पडून असतात, असे करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मोजून दाखवले. या पट्ट्यातल्या लहरी झाडाझुडपांना फारशा जुमानत नाहीत आणि लांब जातात. प्रयोगापुरता परवाना घेऊन पहिल्यांदा सात गावे जोडली गेली. पुढे कोणालाही विनापरवाना वापरता येणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हेच काम सुमारे पंचवीस गावांपर्यंत नेले गेले. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या प्रकल्पाला सव्वा लाख डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले. टीव्हीचा तो मोकळा पट्टा सरकारने आजतागायत सर्वांसाठी खुला केलेला नाही, हेही इथेच नोंदवलेले बरे.

सूर्या धरणाचे पाणी जिल्ह्याच्या त्या भागातून जलवाहिनीने वसई-विरारपर्यंत येऊन पोहोचले. हा अनुभव काही पोहोचला नाही. याचे एक कारण असे की ‘ग्राम मार्ग’कडे सगळ्यांनी तंत्राचा प्रयोग म्हणून पाहिले. माझ्या मते त्यातला मोलाचा भाग मनोऱ्यावर नव्हताच, तो कागदावर होता. प्रकल्पाने सरकार, खासगी कंपनी आणि पंचायत यांच्या भागीदारीची एक रचना मांडली होती. ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत सरकारी भारतनेटची फायबर यावी, तिथून पुढचे बिनतारी जाळे पंचायतीच्या मालकीचे असावे, गावातल्याच एखाद्या तरुण उद्योजकाने ते चालवावे आणि उत्पन्न वाटून घ्यावे, अशी ती योजना. म्हणजे यंत्र बसवण्याआधी त्याचा मालक कोण, बिघडले तर शिडीवर कोण चढणार आणि पैसे कोणाच्या खिशातून येणार, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवली होती. लोकांनी स्वतःच्या उपकरणांतून उभारलेली जाळी जगभर जिथे टिकली तिथे याच तीन उत्तरांवर टिकली, आणि ही उत्तरे जिथे दिली गेली नाहीत तिथे उत्तम यंत्रेही गंजून गेली. वसई-विरारमध्ये असे जाळे उभे राहू शकते का, हा प्रश्न म्हणून लहरींचा कमी आणि मालकीचा अधिक आहे.

तरी लहरींचा हिशेब आधी उरकून घेऊ, कारण ‘हे आपल्याकडे जमायचे नाही’ असे म्हणणारे तिथूनच सुरुवात करतात. चर्चगेटपासून वसई रोड ५२ किलोमीटरवर आणि विरार ६० वर. म्हणजे शहराचा कणा आठ किलोमीटरचा. पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, आणि मधली जमीन बहुतेक सपाट. स्थानकांच्या दोन्ही अंगांना उंच इमारतींची दाटी. बिनतारी दुव्याला एका टोकावरून दुसरे टोक दिसावे लागते आणि इतक्या गच्च्या असलेल्या सपाट शहरात ते दिसते. अडचण येते पश्चिमेच्या हिरव्या पट्ट्यात. नुसती नजर पोहोचून भागत नाही, लहरींच्या वाटेभोवती मोकळी जागाही लागते. ५.८ गिगाहर्ट्झवर तीन किलोमीटरचा दुवा बांधायचा तर वाटेच्या मध्यावर चहूबाजूंनी सुमारे सहा मीटर मोकळे हवेत. निर्मळ, गास किंवा आगाशीच्या बाजूला दोन बैठ्या घरांच्या मध्ये नारळाची एक वाडी आली की हे गणित बिघडते, आणि पावसात भिजलेली झावळी सुक्या झावळीपेक्षा कितीतरी जास्त लहरी शोषते. उपाय साधा आहे: वाडीतली घरे थेट एकमेकांना न जोडता त्यांना जवळच्या उंच गच्चीकडे तोंड करून बसवायचे. या ठिकाणी नव्या वसईची उंची जुन्या वसईच्या कामी येईल, आणि हिरव्या पट्ट्यात टॉवर नकोत म्हणून भांडणाऱ्यांनाही यात आक्षेपार्ह काही सापडू नये.

दुसरी तांत्रिक अडचण गर्दीची. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणाऱ्या वाहिन्या तीनच. नालासोपाऱ्याच्या एखाद्या इमारतीत मोबाइलवर वायफायची यादी उघडली तर ती संपता संपत नाही. त्या गोंगाटात गच्चीवरून गच्चीवर काही पाठवणे अवघडच. म्हणून घरातल्या फोनसाठी २.४ आणि गच्च्यांच्या आपापसातल्या दुव्यांसाठी ५ गिगाहर्ट्झ, तेही एकाच दिशेने पाहणाऱ्या अँटेनासह, अशी विभागणी करावी लागते. एकाच रेडिओने ऐकायचे आणि त्यानेच पुढे सांगायचे ठरवले तर प्रत्येक टप्प्यावर वेग जवळपास निम्मा होतो. पुढच्या दुव्यासाठी वेगळा रेडिओ लावला की ही गळती थांबते. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून विनापरवाना खुला आहे. ५ गिगाहर्ट्झचे पट्टे मात्र २०१८ च्या ऑक्टोबरात ऐसपैस आणि घराबाहेर वापरण्यासाठी मोकळे झाले. म्हणजे शहरभर गच्च्या जोडण्याची कल्पना भारतात धडपणे शक्य झाली त्याला अजून दहा वर्षेही झालेली नाहीत. उपकरणांना सरकारची प्रकार-मान्यता हवी आणि शक्ती ठरलेल्या मर्यादेत हवी, एवढे पथ्य. रेडिएशनच्या भीतीबद्दल इतकेच सांगतो की हे रेडिओ घरातल्या राउटरच्याच जातीचे आहेत. गच्चीवरच्या मोबाइल टॉवरशी त्यांची बरोबरी करण्याचे कारण नाही.

शिवाय गच्चीवरून गच्चीवर जाळे विणणे या शहराला नवीन नाही. १९९१ च्या आखाती युद्धानंतर मुंबईत आणि तिच्या उपनगरांत केबल आली ती कोणत्याही सरकारी आराखड्यातून आली नव्हती. एका पोराने डिश घेतली, ॲम्प्लिफायर घेतला आणि या इमारतीवरून त्या इमारतीवर वायर टाकली. परवानगी कसली आणि कोणाची घ्यायची, हेच तेव्हा ठरलेले नव्हते. केबलचा कायदा आला १९९५ मध्ये. तोवर घराघरांत जाळे पोहोचलेले होते, तेही गल्लीतल्या माणसांनी, गल्लीतल्या पैशांतून, स्वतःच्या उपकरणांवर उभे केलेले. विकेंद्रित जाळे आपल्या लोकांना जमेल का, अशी शंका घेणाऱ्याने हा इतिहास आठवावा. पण त्याचा उत्तरार्धही विसरू नये. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने डिजिटायझेशन आले, सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि सिग्नलची चावी मोठ्या वितरक कंपन्यांच्या हाती गेली. वायर केबलवाल्याचीच राहिली, गिऱ्हाईकही त्याच्याच ओळखीचे राहिले. भाव ठरवण्याची ताकद मात्र त्याच्याकडून निसटली. पुढे त्याच वायरीच्या वाटेने ब्रॉडबँड आले तेव्हा बरेचसे केबलवाले दुसऱ्याच्या नेटची वसुली करणारे झाले. उपकरण तुमचे असले तरी वरचा नळ दुसऱ्याच्या हाती असेल तर मालकी नावापुरतीच उरते. आणखी एक गोष्ट केबलच्या जाळ्यात पहिल्यापासून नव्हती. तिथे मालक एक होता आणि बाकीचे गिऱ्हाईक. गल्ली त्या जाळ्याची मालक कधीच झाली नाही, म्हणून चावी गेली तेव्हा गल्लीला त्याचे काही वाटलेही नाही.

याच्या उलट उदाहरण स्पेनमधल्या कॅटालोनियाचे आहे. तिथल्या ओसोना या ग्रामीण भागात मोठ्या कंपन्या ब्रॉडबँड देईनात, म्हणून २००४ मध्ये रहिवाशांनी छपरांवर अँटेना लावून ‘गुइफी डॉट नेट’ सुरू केले. आज त्याचे पस्तीस हजारांहून अधिक सक्रिय बिंदू आहेत आणि आता त्यात फायबरही आहे. हे लोक आपल्यापेक्षा हुशार होते असे मानायचे कारण नाही. त्यांनी नियम लवकर लिहिले, एवढेच. जाळ्यात येणारा प्रत्येक जण एका सामायिक करारावर सही करतो. माझे उपकरण माझे, पण त्यातून इतरांची माहिती मी अडवणार नाही, आणि मलाही कोणी अडवणार नाही. २००८ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन झाले आणि जाळ्यावर धंदा करणाऱ्या छोट्या कंपन्यांशी हिशेब ठेवू लागले. कोणी किती गुंतवले, कोणी किती वापरले, याचा ताळा घेऊन जास्त वापरणारा कमी वापरणाऱ्याला भरपाई देतो. स्वयंसेवकांच्या उत्साहावर विसंबायचे नाही, पण नफा करणाऱ्याला हाकलायचेही नाही, असा हा मध्यम मार्ग आहे. दुसरे टोक पाहायचे असेल तर अमेरिकेत सुरू झालेल्या ‘हीलियम’कडे पाहावे. घरात छोटे यंत्र लावा आणि जाळे पसरवल्याबद्दल डिजिटल नाणे मिळवा, असे आमिष होते. काही वर्षांत जगभर जवळपास दहा लाख यंत्रे लागली. पण ती लागली नाण्याच्या भावाकडे पाहून. त्या जाळ्यावरून काही पाठवू इच्छिणारे त्या मानाने अगदी थोडे निघाले, आणि नाण्याचा भाव कोसळल्यावर कित्येकांचा रस आटला. वापरणाऱ्याच्या मालकीचे उपकरण दोन्हीकडे होते. फरक एवढाच की एकीकडे लोकांना शेजारी हवा होता आणि दुसरीकडे परतावा.

आता सर्वांत मोठा आक्षेप. नेट स्वस्त आहे, फायबर दारात आहे, फाइव्ह-जी फोनमध्ये आहे. मग हा उपद्व्याप कशासाठी? आक्षेप फोल नाही. गुगलने रेलटेलच्या साथीने २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून स्थानकांवर फुकट वायफाय सुरू केले, चारशेवर स्थानके जोडली आणि २०२० मध्ये मोबाइल डेटा स्वस्त झाल्याचे कारण देत काढता पाय घेतला. जिथे गुगलला कारण उरले नाही तिथे सोसायटीला कुठून मिळणार? माझे उत्तर असे की स्वस्ताई हा कंपन्यांनी घेतलेला निर्णय आहे, आपला हक्क नाही. २०१६ साली जिओ आल्यावर भाव पडले ते स्पर्धेमुळे. स्पर्धक उरले मोजके, आणि २०२४ च्या जुलैत तिन्ही खासगी कंपन्यांनी लागोपाठच्या दोन दिवसांत दर दहा ते पंचवीस टक्क्यांनी वाढवले. चार माणसांच्या घरात चार रिचार्ज आणि वर एक फायबर, असे पाच वेळा पैसे भरणाऱ्या कुटुंबाने आपण त्यातले किती वापरतो हे एकदा पाहावे. साठ घरांच्या इमारतीत साठ जोडण्या असतात आणि दुपारी त्यांतल्या बहुतेक निजलेल्या असतात. तीन मोठ्या जोडण्या घेऊन त्या साठांत वाटल्या तर खर्च उतरतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. पाण्याच्या टँकरचे पैसे वाटून घेणाऱ्या सोसायट्यांना तर नाहीच.

आणि स्वस्त नेट हवे त्या वेळी असतेच असेही नाही. २०१८ च्या जुलैत वसई-विरार काही दिवस पाण्यात होते. नालासोपाऱ्याजवळ रूळ बुडाले, लांब पल्ल्याच्या गाड्यांतले प्रवासी आपत्ती प्रतिसाद दलाने बोटींतून बाहेर काढले, मिठागराच्या वस्तीत शेकडो माणसे अडकली आणि महावितरणच्या उपकेंद्रात पाणी शिरल्याने वीज बंद ठेवावी लागली. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांच्या असतात. त्या संपल्या आणि डिझेल पोहोचले नाही की फोन हातात असून मुका. अशा वेळी जग गाठण्याची गरज नसते. ‘सी विंगमध्ये डायलिसिसचा पेशंट आहे’, ‘पुलावर पाणी आहे, येऊ नका’ एवढा मजकूर दोन किलोमीटर पोहोचला तरी पुरते, आणि गच्चीवरचे जाळे सोसायटीच्या इन्व्हर्टरवर किंवा एखाद्या सौरपट्टीवर तेवढे काम करू शकते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या रेड हुक वस्तीत हे होऊन गेले आहे. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने तिथली नेहमीची सेवा पाडली, तेव्हा एका स्थानिक संस्थेने आधीपासून उभारलेले छोटेसे वायफाय जाळे तगून राहिले, आणि अमेरिकी आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेने आपला उपग्रह दुवा त्यालाच जोडून दिला.

नुसत्या निरोपांसाठी तर याहूनही स्वस्त साधन आहे. ‘लोरा’ तंत्राचे हातात मावणारे रेडिओ आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात चालतात. २०२० पासून ‘मेशटॅस्टिक’ नावाची मुक्त प्रणाली त्यांच्यावर वापरली जाते. काही हजार रुपयांचे यंत्र, एक बॅटरी, तळहाताएवढी सौरपट्टी. निरोप एका यंत्राकडून दुसऱ्याकडे उड्या मारत जातो आणि मध्ये टॉवर लागत नाही की सिमकार्ड लागत नाही. मर्यादाही सांगितली पाहिजे. एका निरोपात सुमारे दोनशे बाइट मावतात. रोमन लिपीचे एक अक्षर एक बाइट घेते, देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन. काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. मराठीत लिहायचे तर साठ-सत्तर चिन्हांत आटोपावे लागते. फोटो, आवाज, व्हिडिओ यांचे नावच नको. पण अर्नाळा किल्ल्याच्या बेटावरून किनाऱ्याला किंवा पाणजू बेटावरून नायगावला ‘होडी बंद, औषध हवे’ हे कळवायला तेवढी चिन्हे पुरून उरतात. मधल्या पाण्यावर ना झाड ना इमारत. अशा दुव्यासाठी यापेक्षा सोपी जागा शोधून सापडणार नाही.

कायद्याकडे वळू. १८८५ च्या तार कायद्यापासून २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत सूत्र एकच आहे: दूरसंचार सेवा देण्याचा अधिकार सरकारचा, बाकीच्यांनी तो मागून घ्यायचा. लहरी विनापरवाना असल्या तरी दुसऱ्याला इंटरनेट विकणे विनापरवाना नाही. आपली जोडणी शेजाऱ्याला फुकट देणे याच्या मधल्या धूसर पट्ट्यात येते, आणि बहुतेक कंपन्यांच्या करारांत तेही निषिद्ध असते. धूसरपणातून बाहेर पडण्याचा एक रस्ता सरकारनेच २०२० च्या डिसेंबरात आखला. ‘पीएम-वाणी’ योजनेत चहाची टपरी, किराणा दुकान किंवा सोसायटीसुद्धा सार्वजनिक डेटा कार्यालय होऊ शकते. त्यासाठी परवाना नको, नोंदणी नको, शुल्क नको. ग्राहकाची ओळख पटवणे, नोंदी ठेवणे, हिशेब करणे ही कामे नोंदणीकृत मध्यस्थ करतो. योजना चांगली होती. दूरसंचार धोरणाने २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वायफाय केंद्रांचे स्वप्न पाहिले होते. प्रत्यक्षात पीएम-वाणीची केंद्रे २०२४ च्या अखेरीस दोन लाखांच्या आसपास घुटमळत होती. कारण पुन्हा वरचा नळ. टपरीवाला घरगुती फायबर मागायला गेला की कंपनी त्याला कितीतरी पट महाग अशी व्यावसायिक लीज्ड लाइन घ्यायला सांगे. अखेर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२५ च्या जूनमध्ये आदेश काढला: २०० एमबीपीएसपर्यंतची घरगुती योजना या केंद्रांनाही द्यायची आणि घरगुती दराच्या दुपटीहून जास्त आकारायचे नाही. आता एखाद्या सोसायटीने रीतसर जोडणी घेऊन, गच्चीवरून शेजारच्या तीन सोसायट्यांना वाटून, कायद्याच्या आत राहणे शक्य झाले आहे. दुपटीची मुभा तरी कशासाठी, असे मला वाटते. पण मोजता येईल अशी मर्यादा मिळाली, हे काही कमी नाही.

पोलिसांचा प्रश्न मात्र हलका करून चालणार नाही. २००८ च्या जुलैत अहमदाबादच्या स्फोटांआधी धमकीचा मेल गेला तो नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून. तिथे राहणाऱ्याला चौकशीला तोंड द्यावे लागले, सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळीही मुंबईतली असुरक्षित वायफाय वापरली गेली, आणि २००९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. सामायिक जाळ्यातून कोणी गुन्हा केला तर पहिली थाप ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्या दारावर पडणार. जर्मनीत ‘फ्रायफुंक’च्या स्वयंसेवकांनी हेच वर्षानुवर्षे सोसले. परक्याने केलेल्या कॉपीराइट भंगासाठी वायफाय-मालकाला जबाबदार धरले जाई, म्हणून ते सगळी वाहतूक परदेशी सर्व्हरमार्गे वळवत. कायदा बदलला २०१७ मध्ये. आपल्याकडे तशी पळवाट काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे. इंटरनेटचा दरवाजा ओळख पटल्याशिवाय उघडायचा नाही, नोंदी मध्यस्थाकडे ठेवायच्या. इमारतीपुरता आपापसातला वापर, म्हणजे सूचना, वॉचमनचा इंटरकॉम, पाण्याच्या टाकीची पातळी, आणीबाणीचे निरोप, हा इंटरनेटपासून वेगळा ठेवायचा. पहिल्या भागात शिस्त हवी, दुसऱ्यात मोकळीक चालते. या दोन्हींची सरमिसळ केली तर एका मूर्खाच्या मेलने सगळे जाळे बंद पडेल.

राहिला मालकीचा प्रश्न, आणि वसई-विरारची खरी गुंतागुंत इथेच आहे. ‘ग्राम मार्ग’च्या योजनेत मालक ग्रामपंचायत होती. इथे २००९ च्या ३ जुलैला चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून महानगरपालिका झाली आणि त्या गावांच्या पंचायती गेल्या. त्यातली २९ गावे वगळावीत म्हणून किती वर्षे आंदोलने आणि न्यायालयीन लढे झाले, ते वसईकरांना सांगायला नको. जाळ्याच्या दृष्टीने अर्थ असा की बहाडोलीत ज्या संस्थेने जाळे आपल्या नावावर घ्यायचे, ती संस्था निर्मळ किंवा गासमध्ये आता नाही. पालिकेच्या हद्दीबाहेर राहिलेल्या अर्नाळ्यात आहे. पालिकेनेच मालक व्हावे, असे कोणी सुचवेल. पाणी, कचरा आणि बेकायदा बांधकामे सांभाळताना जिची दमछाक होते तिच्या गळ्यात हे लोढणे अडकवू नये.

पंचायतीच्या जागी इथे सहकार आहे. वसईला सहकार शिकवावा लागत नाही. बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक १९१८ ची. गृहनिर्माण सोसायटी ही तर या शहरातली सर्वाधिक पसरलेली सहकारी संस्था. तिला कायदा आहे, उपविधी आहेत, लेखापरीक्षण आहे, भांडणे आहेत आणि गच्ची आहे. गच्ची म्हणजे या जाळ्याची जमीन. मोबाइल कंपन्या त्याच गच्चीचे भाडे देतात, यावरून तिची किंमत कळावी. मात्र कित्येक इमारतींत सोसायटी नोंदलेली नाही, नोंदली असली तरी अभिहस्तांतरण झालेले नाही आणि गच्चीवर बिल्डर अजून हक्क सांगतो. अनधिकृत इमारतींची गोष्ट तर आणखी वेगळी. वसंत नगरीजवळच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारची एक इमारत कोसळून सतरा जण गेले. जिथे डोक्यावरचे छप्परच कायद्याने आपले नाही तिथल्या रहिवाशाला छपरावरच्या अँटेनाचा मालक व्हा, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो आणि त्याचे पुरते उत्तर माझ्याकडे नाही. एवढे म्हणता येईल की अशा इमारतींना शेजारच्या नोंदणीकृत गच्चीवरून जोडणी देता येते आणि उपकरण काढून नेता येते; भिंत गेली तरी जाळ्यातली त्या कुटुंबाची जागा जाऊ नये, असा नियम करारात घालता येतो.

देखभालीचा खर्च लोक नेहमी कमी धरतात. किनाऱ्याची खारी हवा जोडण्या खाते, मेमधल्या विजा पोर्ट जाळतात, जूनमध्ये कडेच्या नळीतून पाणी उतरते. गच्चीवरची उपकरणे सतत कोणीतरी बघावी लागतात. वसईच्या गावांतली बावखले आठवा: एकेका तळ्यावर भोवतालच्या कुटुंबांचा वाटा असे, गाळ काढण्याचे कामही वाटलेले असे, वाड्यांना त्या पाण्याची गरज उरली नाही तसे गाळ काढणारे हात गेले आणि तळी बुजली. जाळ्याचेही तसेच होईल, जर ते फक्त पुराच्या दिवसासाठी राखून ठेवले. रोज वापरात असलेली गोष्टच दुरुस्त होते. म्हणून जाळ्याने रोजचे नेट स्वस्त करून दिले पाहिजे, त्यातून एका स्थानिक तंत्रज्ञाचा पगार निघाला पाहिजे, आणि तो तंत्रज्ञ शक्यतो जुन्या केबलवाल्यांपैकीच घ्यावा. शिडी, इमारतींची ओळख आणि वायरी कुठून जातात याचे ज्ञान त्याच्याइतके कोणाकडे आहे? उपकरणे मुक्त प्रणालीवर चालणारी घ्यावीत, म्हणजे एक कंपनी बुडाली तर जाळे तिच्यासोबत बुडणार नाही. आणि नळ दोन ठेवावेत. दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून जोडणी, म्हणजे केबलवाल्याचे झाले ते पुन्हा होणार नाही.

शहरभर एकदम हे करायला निघालेला माणूस सहा महिन्यांत थकेल. तीन लगतच्या, नोंदणीकृत सोसायट्या पुरेत. एक उंच, दोन तिच्या नजरेत. उपविधींनुसार वार्षिक सभेची सूचना चौदा दिवस आधी निघते आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. त्याआधी सचिवांकडे लेखी पत्र द्या: विषयपत्रिकेवर गच्चीवरील सामायिक वायफाय हा विषय घ्यावा, सोबत उपकरणांची यादी, दोन कंपन्यांची दरपत्रके आणि शेजारच्या सोसायटीशी करायच्या कराराचा मसुदा जोडला आहे. मसुद्यात तीनच कलमे आधी लिहा: यंत्र कोणाचे, बिघडले तर कोण चढणार, पैसे कोणाचे. ती मंजूर होईपर्यंत राउटर विकत घेऊ नका.